प्रमिलावहिनी आणि उसाची मोळी

वारज्याला आमच्या सोसायटीच्या फाटकात मी भाजीची पिशवी घेऊन उभा होतो आणि दादाचा फोन आला. दादा फोनवर कधीच लांबण लावत नाही. "माधव, प्रमिला गेली. खुर्चीत बसली होती. मी चहा गाळून आणला, तोवर..." एवढं बोलून तो थांबला. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "ये सावकाश. आता घाईचं काही राहिलेलं नाही." माझा हा थोरला भाऊ आयुष्यभर असाच बोलत आलाय, त्यामुळे त्याच्या बोलण्याचं काही वाटलं नाही. पण रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की पन्नासाहून अधिक वर्षं ज्या बाईने मला 'भाऊजी' म्हणून हाक मारली, त्या हाकेला आता ओ द्यायची नाही. नारायण पेठेत पोचेपर्यंत मला कर्वे रस्ता कधी संपला तेही कळलं नाही.

वहिनी विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवत. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पंधरवड्याने त्यांच्या जुन्या विभागाने शोकसभा ठेवली. दादाने यायला नकार दिला, म्हणून मी गेलो. आताच्या विभागप्रमुखांनी वहिनींना पाहिलेलं नव्हतं. त्यांनी एका कागदावरून शोधनिबंधांची संख्या वाचून दाखवली, परदेशी नियतकालिकांची नावं वाचून दाखवली आणि 'समाजाभिमुख संशोधनाचा आदर्श' असे शब्द वापरले. नंतर चहाच्या वेळी एक तरुण प्राध्यापक माझ्याजवळ आले. "मॅडमचं काम नेमकं कशावर होतं?" त्यांनी अदबीने विचारलं. मी म्हटलं, "उसाच्या मोळीवर." "म्हणजे शुगर टेक्नॉलॉजी?" "नाही. मोळी डोक्यावर घेणाऱ्या बाईवर." ते "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि बिस्किटं घ्यायला गेले. त्यांचं काही चुकलं नाही. वहिनींच्या कामाचं काय झालं हे सांगायला बसलं तर चहा दहा वेळा गार होईल. म्हणून हे लिहायला घेतलं.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी नुकताच इंजिनिअर होऊन पिंपरीच्या एका कारखान्यात लागलो होतो. वहिनी मिरजेकडच्या, शाळामास्तरांची मुलगी. आमच्या अप्पांना, म्हणजे वडिलांना, सुनेच्या नोकरीचा अभिमान होता, पण ती नोकरी कसली हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. शेजारच्यांना ते सांगत, "सूनबाई डॉक्टर आहेत, पण औषध देत नाहीत." वहिनी हसून मान डोलवत. त्यांचा स्वभाव हसरा होता, बोलणं मोजकं. एखादी गोष्ट डोक्यात शिरली की मात्र त्या जेवतानाही तिच्याकडेच बघत असल्यासारख्या बसत. दादा म्हणायचा, "आमटीत शास्त्र पडलंय वाटतं." त्यांना ऐकूही जायचं नाही.

मोळी त्यांच्या डोक्यात शिरली तो दिवस मला आठवतो. आम्ही सगळे सोलापूर रस्त्यावरून एका साखरपुड्याहून एसटीने परत येत होतो. थंडीचे दिवस होते. पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या अलीकडे गाडी अडकली, कारण कडेला एक ट्रक उभा होता आणि त्यात ऊस भरणं चाललं होतं. तेव्हा मांजरीला दोन्ही बाजूंना ऊसच ऊस असायचा. ट्रकला एक लांब फळी टेकवलेली. डोक्यावर मोळी घेऊन एकेक बाई त्या फळीवरून वर जायची, फळी मध्यावर वाकायची, बाई क्षणभर थांबायची, मग पुन्हा पाऊल टाकायची. टोकाला पोचल्यावर मानेला हिसका देऊन मोळी ट्रकात टाकायची आणि उलट पावली खाली यायची. हे दृश्य आपण सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. गाडीतले लोक ड्रायव्हरला हॉर्न मारायला सांगत होते. वहिनी खिडकीला नाक लावून बसल्या होत्या.

"भाऊजी, ती फळी वाकते तेव्हा पाय घसरला तर बाई कुठे पडेल?"

"खाली," मी म्हटलं.

"आणि मोळी?"

"तिच्या अंगावर," त्यांनीच उत्तर दिलं आणि ट्रक मागे पडेपर्यंत मान वळवून बघत राहिल्या.

पुढच्या हंगामात त्यांनी विद्यापीठाकडून या विषयाला मंजुरी मिळवली. तशी ती सहजी मिळाली, कारण असं काम तोवर कुणी केलेलं नव्हतं आणि देशाच्या गरजांशी नातं सांगणारे विषय हवेत, असं तेव्हा वरून सारखं सांगितलं जात होतं. वहिनी पहाटे उठून दोघांचे डबे करायच्या, पहिल्या बसने मांजरीकडच्या फडात जायच्या आणि दुपारी परत येऊन तास घ्यायच्या. फडात बीडकडची ऊसतोड टोळी उतरलेली असे. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधून वाहते. वहिनी या बायकांची नाडी मोजायच्या, त्यांच्या नाकातोंडावर रबरी मुखवटा बांधून श्वास एका मोठ्या पिशवीत भरून घ्यायच्या. त्यावरून शरीर किती राबतंय याचा हिशेब करता येतो, असं त्यांनी मला समजावलं होतं.

मी एकदा पिशव्या धरायला म्हणून त्यांच्याबरोबर गेलो. बायका मुखवट्याला घाबरून मागे सरकत होत्या, तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेव्हा वहिनींनी तो स्वतःच्या तोंडाला बांधला, साडी खोचली, एक मोळी डोक्यावर चढवून घेतली आणि फळीकडे निघाल्या. मोळी त्यांच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून जास्त असेल. फळीच्या पायथ्यापर्यंत त्या पोचल्या, तिथे गुडघे लटपटले आणि दोघी-तिघींनी धावत येऊन मोळी उतरवली. त्यात एक विशीची पोरगेली बाई होती, शेवंता नावाची, कडेवर एक आणि पाठीशी एक अशी दोन लेकरं असलेली. ती म्हणाली, "बाई, ह्या नळीत फुकल्यानं आमचं वझं हलकं व्हनार हाय का?" वहिनींनी मुखवटा काढून घाम पुसला आणि तिला खरं ते सांगितलं. "नाही. आधी ते किती जड आहे एवढंच कळणार." शेवंताने कडेवरचं लेकरू खाली ठेवलं आणि ती म्हणाली, "बरं, बांधा मला." त्या दिवसापासून ती वहिनींच्या सगळ्या मोजमापांना पुढे असायची.

मोजमाप झालं, निबंध लिहून झाला, तो परदेशात छापून आला. सत्कारही झाला, वहिनींनी नारळ आणि शाल आणून आईच्या हातात दिली. त्याच आठवड्यात त्यांनी तेव्हाच्या विभागप्रमुखांना विचारलं, "मोळी प्रमाणाबाहेर जड आहे हे सिद्ध झालं. आता पुढे?" ते म्हणाले, "पुढे दुसरा विषय. शेळ्यांच्या फुप्फुसांवर काही करा, चांगलं क्षेत्र आहे." वहिनींनी हे घरी सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "शेळ्यांना फळीवर चढायचं नसतं, एवढाच काय तो फायदा." आम्ही हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊजी, रविवारी तुम्हाला वेळ आहे का?"

मग कित्येक रविवार गेले. आमच्या मागच्या गॅलरीत बांबू, सायकलच्या ट्यूबा, खाकी पट्टे यांचा पसारा पडला. वहिनींना मोळी डोक्यावरून काढून पाठीवर आणायची होती, म्हणजे भार मानेवरून कमरेवर गेला असता. मी आराखडा काढायचा, बांधायचं आणि त्यांनी ते पाठीवर घेऊन जिन्यावरून चढायचं-उतरायचं. आधीची दोन-तीन सोंगं चढताना पोटऱ्यांवर आपटत. एक तर शेवंताच्याच पाठीवर मोडलं. अखेर जमलं ते असं होतं : बांबूची हलकी चौकट, खाली मोळी टेकायला आडवा दांडा, खांद्यावर रुंद पट्टे आणि छातीशी एक दोरी. वर गेल्यावर ट्रककडे पाठ करायची, दोरी ओढायची की मोळी मागच्या मागे ट्रकात सुटायची. मानेला हिसका नाही. त्याच्याबरोबर फळीऐवजी आडव्या पट्ट्या मारलेली रुंद, न वाकणारी चढण. बायकांनी त्या चौकटीला 'पाठघोडी' नाव दिलं. आमच्या निबंधातही मग तेच नाव गेलं.

त्या हंगामात मांजरीच्या फडात मोजक्या बायकांनी पाठघोडी वापरली. वहिनींनी पुन्हा नाडी मोजली, श्वास मोजला. फरक इतका स्वच्छ होता की त्यांनी सगळं दुसऱ्यांदा मोजून पाहिलं. पण मला आकड्यांपेक्षा शेवंताचं बोलणं लक्षात राहिलंय. ती चौकट पाठीवरून उतरवत म्हणाली होती, "बाई, आता झोपताना मान वळवता येतीया." वहिनी परत येताना बसमध्ये तेच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. इतक्या आनंदात मी त्यांना ना त्यापूर्वी पाहिलं, ना त्यानंतर.

हंगाम संपला आणि प्रकल्पाची मुदतही संपली. अनुदानातून घेतलेली वा बनवलेली प्रत्येक वस्तू विद्यापीठाची, ती विभागाच्या कोठारात जमा व्हायला हवी, असा नियम होता. टोळी गावाकडे निघाली त्या दिवशी वहिनी ती चढण आणि पाठघोड्या परत घ्यायला गेल्या. बाकीच्या बायकांनी आपापल्या पाठघोड्या देऊन टाकल्या. शेवंता मात्र आपली धरून उभी राहिली. "बाई, ही माझ्यापाशीच ऱ्हाऊ द्या. हरवायची न्हाई मी." वहिनींनी त्याआधीच कचेरीत दोनदा विचारून पाहिलं होतं. वस्तू जमा झाल्या नाहीत तर पुढचं अनुदान मिळणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगण्यात आलं होतं आणि पुढच्या अनुदानातून त्यांना साऱ्या टोळीला पुरतील इतक्या पाठघोड्या करायच्या होत्या. "एकच हंगाम थांब," त्या शेवंताला म्हणाल्या. "पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी घेऊन येते." शेवंताने चौकट खाली ठेवली, तिच्या पट्ट्यावरची माती झटकली आणि ती बैलगाडीत जाऊन बसली.

पुढचं अनुदान आलं नाही. परीक्षक समितीने लिहून पाठवलं की यातला शास्त्रीय प्रश्न सुटलेला असून साधनांचा प्रसार हे विद्यापीठाचं काम नव्हे. वहिनी शेतकी खात्यात गेल्या. तिथे सांगण्यात आलं की मोठ्या प्रमाणावर चाचणी झाल्याशिवाय खातं काही हातात घेत नाही. मोठ्या प्रमाणावर चाचणी कोण करतं, असं विचारल्यावर, "विद्यापीठं करतात," असं उत्तर मिळालं. एका साखर कारखान्याच्या अध्यक्षांनी पाठघोडी पाठीवर घेऊन फोटो काढून घेतला, चहा पाजला आणि सांगितलं की मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मुकादम म्हणाला, "बाई, ज्याचं वझं त्येनं बघावं. मी कोण सांगनार?" वर्षभर वहिनी या दारातून त्या दारात फिरल्या. मीही पुष्कळदा बरोबर होतो. कुणी अपमान केला नाही, कुणी नाही म्हटलं नाही... सगळे कौतुकच करत होते.

पुढच्या हंगामात टोळी आली हे कळल्यावर वहिनी रिकाम्या हाताने जायला धजेनात. काही दिवसांनी गेल्या, तर फडात शेवंता नव्हती. बायकांनी सांगितलं की दवाखान्यात आहे, फळीवरून पडली. दव पडून फळी निसरडी झाली होती. आधी ती पडली, मग मोळी. त्या एसटीच्या खिडकीतून वहिनींनी मला जे विचारलं होतं, अगदी तसंच.

सरकारी दवाखान्यात आम्ही दोघं गेलो. शेवंता उताणी पडून होती, कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. नवरा पायाशी जमिनीवर बसला होता, वहिनींना बघून उठून उभा राहिला. वहिनी तिच्या उशाशी स्टुलावर बसल्या आणि त्यांनी सवयीने तिचं मनगट धरलं. नाडी मोजतायत की नुसताच हात धरलाय ते मला कळेना. शेवटी शेवंताच म्हणाली, "बाई, रडू नगा. घोडी चांगली व्हती तुमची. माझी मान बरी केली व्हती तिनं." वहिनी म्हणाल्या, "मी ती तुझ्याकडून घ्यायला नको होती." शेवंता छताकडे बघत राहिली. त्यावर तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "आता कुठं हाय ती?"

ती कोठारात होती. दुसऱ्या दिवशी वहिनी कोठाराची किल्ली मागून आत जाऊन बघून आल्या. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं, "सगळ्या आहेत, भाऊजी. एकीवर एक रचून ठेवल्यात. शेवंताची सगळ्यांत खाली आहे." मग मोरीत जाऊन पुष्कळ वेळ तोंड धूत राहिल्या. दादा दाराबाहेर टॉवेल घेऊन उभा होता.

शेवंता पुन्हा उठली नाही. तिला गावाकडे नेल्यावर वहिनी दोनदा बीडच्या पलीकडे त्या खेड्यात जाऊन आल्या. दुसऱ्यांदा गेल्या तेव्हा ती पाठीला जखमा होऊन वारली होती. परत आल्यावर वहिनींनी जे सांगितलं ते त्याहून वाईट होतं. कोयता दोघांचा असतो. बायको गेली तर तिची जागा भरावी लागते. शेवंताची थोरली, मंदा, शाळेतून काढून बापाबरोबर निघाली होती. पुढे एका हंगामात वहिनींनी तिला मांजरीच्याच रस्त्यावर पाहिलं. डोक्यावर मोळी, चालणं अगदी आईसारखं. मंदाने वहिनींना ओळखलं आणि मोळीखालून हसली. ओझं डोक्यावर असताना मान हलवता येत नाही, त्यामुळे ती नुसती डोळ्यांनी हसली. वहिनींनी हे मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी विषय काढू दिला नाही.

एवढ्यावर संपलं असतं तरी बरं होतं. काही वर्षांनी सरकारला पाठघोडीची आठवण झाली. मजूर महिलांसाठी काहीतरी करायचं होतं आणि कुणाला तरी वहिनींचा निबंध सापडला. पाठघोड्या करायचं काम एका ठेकेदाराकडे गेलं. वहिनींना विचारलं नाही, निबंधातला आराखडा होताच. बांबू टिकत नाही म्हणून चौकट लोखंडी केली. छातीशी असलेली दोरी किचकट वाटली म्हणून काढून टाकली. एक नमुना मी कारखान्यात आणून उचलून पाहिला, नुसत्या चौकटीचंच ओझं होत होतं. फडात बायकांनी ती एक दिवस वापरली आणि बाजूला टाकली. वर गेल्यावर मोळी सोडायची कशी तेच त्यांना कळेना. नंतर आम्ही टोळीच्या खोप्यांवरून गेलो तेव्हा त्या चौकटींवर लुगडी वाळत होती, एकीला शेळी बांधलेली. सरकारी अहवालात निष्कर्ष आला की लाभार्थी महिलांनी साधन स्वीकारलं नाही. वहिनींनी चूक कुठे झाली ते लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. विभागात मात्र एका सहकाऱ्याने त्यांचं अभिनंदन केलं. "मॅडम, तुमचं डिझाइन सरकारने घेतलं. पदोन्नतीच्या अर्जात जरूर लिहा." वहिनी म्हणाल्या, "हो. शेळीची सहीही जोडते."

त्यांच्या बोलण्यात असा कडवटपणा त्यानंतर आला. त्याआधी तो फक्त दादाकडे होता. त्यांनी शिकवणं सोडलं नाही, विद्यार्थ्यांना हातचं राखून कधी काही दिलं नाही. पण नवीन प्रकल्पासाठी अर्ज केला नाही. कुणी विचारलं तर म्हणत, "माझा विषय संपला. माणसं संपली नाहीत, विषय संपला." निवृत्तीनंतर मी त्यांना एकदा माझ्या स्कूटरवरून मांजरीला घेऊन गेलो. त्यांचीच इच्छा होती. फडांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या, जुन्या रस्त्याच्या कडेला फ्लॅटच्या जाहिराती लागल्या होत्या. एका पानटपरीवाल्याला त्यांनी विचारलं, इथे ऊस कुठे राहिलाय का. तो म्हणाला, "मागं हाय थोडा, आज्जी. पर आता मशिनी आल्यात तोडायला. बायाबापड्यांचा तरास गेला." वहिनींचा चेहरा उजळला. आम्ही मागे गेलो. लहान तुकडा होता, बांध वेडेवाकडे, तिथे यंत्र वळणार नव्हतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फळी लावलेली होती आणि बायका चढत होत्या. वहिनी स्कूटरवरून उतरल्या नाहीत. "चला, भाऊजी," एवढंच म्हणाल्या.

गेल्या वर्षी एक मुलगी त्यांना शोधत नारायण पेठेत आली. ऋतुजा तिचं नाव. ती त्यांच्याच विभागात पीएच.डी. करत होती. मी तेव्हा तिथेच बसलो होतो. मुलगी हुशार होती, आदबशीर होती. "मॅम, मी तुमचा पेपर साईट केलाय. ॲक्च्युअली माझा टॉपिकही सेमच आहे, फक्त आता सेन्सर्स आहेत ना, त्यामुळे डेटा खूप ॲक्युरेट मिळतो." तिने आपला प्रबंध वहिनींच्या हातात दिला. वहिनींनी चष्मा लावला आणि त्या वाचत बसल्या. मंगल, माझी बायको, चहा करून घेऊन आली, तो निवला. बायकांच्या नाडीचे आकडे होते, श्वासाचे होते, मानेच्या मणक्यांचे होते. वहिनींनी शेवटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं की भार डोक्यावरून पाठीवर आणणाऱ्या साधनाची गरज असून त्यासाठी पुढील संशोधन आवश्यक आहे.

"आकडे अगदी बरोबर आहेत," वहिनी म्हणाल्या.

ऋतुजा खुलली. "थँक्यू, मॅम."

"माझेही बरोबर होते." वहिनींनी प्रबंध मिटून तिच्या हातात दिला. मुलीला वाईट वाटू नये म्हणून आवाज मऊ केला. "तू ज्या बायका मोजल्यास, त्यांत मंदा नावाची कुणी होती का गं? चाळिशी ओलांडलेली असेल. पन्नाशीचीही असेल आता."

ऋतुजाने डोकं खाजवलं. "मॅम, नावं आम्ही लिहीत नाही. प्रायव्हसीमुळे नंबर देतो."

"बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "तसंच करायला हवं." मुलगी गेल्यावर त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "निदान नवीन पिढी हा विषय पुढे नेतेय." त्या वळल्या नाहीत. "पुढे कुठे, भाऊजी? फळीच्या पायथ्याशीच तर उभे आहोत सगळे." त्यानंतर वर्षभर त्या होत्या. या विषयावर आमचं झालेलं ते शेवटचं बोलणं.

परवा मी दादाकडे गेलो होतो. जिना चढून आताशा मलाही दम लागतो, म्हणून दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबलो. तिथे भिंतीत एक रुंद लाकडी फळी बसवलेली आहे, साधारण कमरेच्या वर, खालून लोखंडी कोन लावून पक्की केलेली. ती वहिनींनी बसवून घेतली होती. ओझं घेऊन येणाऱ्या माणसाला ते जमिनीवर ठेवलं तर पुन्हा एकट्याने उचलता येत नाही, म्हणून न वाकता टेकवायला जागा हवी, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांनी इमारतीतल्या लोकांशी भांडण काढलं होतं, जिना अडतो अशी तक्रार होती. फळीच्या कडा इतक्या घासल्यात की लाकूड हाताला गुळगुळीत लागतं. परवा गॅसची टाकी आणणारा एक पन्नाशीचा गृहस्थ तिथे उभा होता. त्याने टाकी खांद्यावरून अलगद फळीवर टेकवली, मान दोन्हीकडे वळवली आणि टोपीने वारा घेतला. मी विचारलं, "बरी आहे ना ही फळी?" तो म्हणाला, "लई बरी, साहेब. साऱ्या पेठेत असली हीच एक."

वर गेल्यावर दादाने सांगितलं की इमारत पुनर्विकासाला जातेय, सह्या झाल्यात, दिवाळीनंतर पाडणार. नव्या इमारतीला लिफ्ट असेल. मी म्हटलं, "चला, म्हणजे ओझेवाल्यांची तरी सोय झाली."

दादा आतून नकाशा घेऊन आला आणि त्याने तो माझ्यापुढे पसरला. नव्या जिन्याच्या वळणावर फळीच्या जागी आरसा आणि कुंडी दाखवली होती. "सेक्रेटरींनी पाटी आधीच रंगवून घेतलीय," तो म्हणाला. "लिफ्ट फक्त रहिवाशांसाठी. सामानवाल्यांनी जिना वापरावा."

बाहेर जिन्यात टाकी पुन्हा खांद्यावर गेल्याचा आवाज झाला. पावलं आमच्या दारावरून वर निघून गेली. दादा ती संपेपर्यंत ऐकत बसला... मग त्याने नकाशाची घडी घातली.